ऑरिनच्या घरातली गाणी

अमेरिकेत, इंडियानातल्या काचकारखान्यात ऑरिन स्टाउफर भट्टीवर होता. बायको गेली तेव्हा त्यांची लोर्ना अगदी लहान. तेव्हापासून उकडलेले बटाटे नि डब्यातले वाटाणे यांवर बापलेकीचा संसार चालला. जेवताना पोर शाळेतलं सगळं ओतायची, नि हा दिवसभर त्याच घटकेची वाट बघायचा.

दुसरी मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. दुकानदारांना नवंच गिऱ्हाईक सापडलं होतं: ना लेकरू, ना बाईमाणूस, मधल्या वयाच्या शाळकरी पोरी. आधीच्या काळी आईचा जुना झगा आखूड करून घातला की पोरीची बाई व्हायची. आता या मधल्यांना बूट वेगळे, लाली वेगळी, गाणीसुद्धा वेगळी.

लोर्ना आता त्यांतलीच. लोकांची मुलं सांभाळून तिनं काळे-पांढरे बूट घेतले. मैत्रिणींनी लगेच ते तुडवून तुडवून मळवले. रीतच तशी, कोरे बूट घालेल ती गावंढळ. ऑरिनला काय ठाऊक? मंदीच्या वर्षांत त्यानं बुटात पुठ्ठा घालून शाळा केलेली. शाळेतल्या नाचाच्या दिवशी पोर न्हायला गेली तेवढ्यात त्यानं बूट घासले, पांढरा रंग दिला, आरशासारखे केले नि चुलीपाशी हौसेनं मांडून ठेवले.

"पपा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, मळले होते."

"मळवले होते. माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका."

ती नाचाला गेली नाही. पुढे जेवताना हो, नाही, मीठ द्या, एवढंच.

ऑरिन हबकला. भट्टीवरच्या क्लाइडच्या घरी असल्या दोन पोरी होत्या, त्याला विचारलं. क्लाइड म्हणाला, समजावत बसू नकोस, काहीतरी विकत आण. यांना तेवढंच कळतं. मग ऑरिननं गाण्याच्या तबकड्या वाजवायची गुलाबी पेटी आणली. स्वयंपाकघरात फळीवर जागाही केली. गाणं लागेल, दोघं ऐकतील, बोलणं आपसूक निघेल, असा बेत.

पोरीनं गळ्याला मिठी मारली, पेटी उचलली नि माडीवर गेली. दार लोटलं. मग ताटही वरच जाऊ लागलं.

ऑरिन खाली बसून छतातून गाणी ऐकायचा. कोणतं गाणं ती पुन्हा लावणार, हेही त्याला कळू लागलं. कधी उठून जिन्यापर्यंत जायचा नि परत फिरायचा. न जाणो, पुन्हा आपल्या हातून काही भलतंच व्हायचं.

शाळा संपताच लोर्नानं लग्न केलं. नवरा कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात. मोटारीत सामान भरताना ती म्हणाली, "तुम्हाला माझी गाणी कधी आवडलीच नाहीत ना, पपा?"

"सगळी पाठ आहेत मला."

ती बघतच राहिली. "मग वर का नाही आलात?"

"दार बंद असायचं, बाय."

"नुसतं लोटलेलं असायचं. मला वाटायचं, आज तरी याल."

जावयानं भोंगा वाजवला. ऑरिननं पेटी मागच्या सीटवर ठेवली, हलू नये म्हणून तिच्याभोवती घोंगडी खोचली.

संध्याकाळी शेजारीण रस्सा घेऊन गेली, तर तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेला. वर निघाला होता की खाली येत होता, तिला उमगेना. तिनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उठला.