सुईचं टोक

धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. शिवणवहिनीने दिवा लावला, मशीनला तेल घातलं आणि काल पुन्हा शिवून पुरं केलेलं बाळाचं झबलं उसवायला घेतलं. काजंबटणं करणारी तिची नणंद समोरच बसली होती.

“वहिनी, तिसऱ्यांदा?”

“असू द्या वन्सं. टोक राहिलं असलं तर?”

चार महिन्यांपूर्वी शिवताना सुई मोडली होती. टोक तिथंच सापडलं, दोघींनी हुश्श केलं. पण तेव्हापासून वहिनी प्रत्येक कपड्यावरून लोहचुंबक फिरवायला लागली. गिऱ्हाइकं वाखाणायची. नणंदही मिरवायची, आमच्या वहिनीचं काम डोळे मिटून घ्यावं. मग एकदाचं तीनदा झालं, तीनदाचं वीसदा. वहिनीचं जेवण सुटलं, झोप उडाली. ‘कामाचा ताण, दुसरं काय,’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलं.

त्या दुपारी ‘आलेच’ म्हणून गेलेली वहिनी तासभर परतली नाही. नणंद शोधायला निघाली आणि मागच्या गल्लीतल्या बाळंतिणीच्या दारात थबकली. पलंगावर बाळ उघडंच पालथं पडलेलं. वहिनी त्याच्या पाठीवरून चुंबक फिरवत होती. बाळाची आई भिंतीला टेकून उभी.

“रोज येतात हो ताई,” ती हळूच म्हणाली. “आधी तुमच्याकडं शिवलेलं झबलं बघायच्या. आता बाळच बघतात. मला वाटलं, माया असेल.”

रोज! नणंद मनाशी म्हणाली. समोर बसून आपण बटणं लावत राहिलो, आणि हे दिसलं कसं नाही?

“काही नाहीये, मला कळतं वन्सं,” वहिनी वर न बघताच म्हणाली. “हात थांबत नाही. वेड लागतंय का हो मला?”

दुसऱ्याच दिवशी नणंद तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“वेडबीड काही नाही,” बाई म्हणाल्या. “एकदा बघून जीव निवला, तर ती काळजी. वीसदा बघूनही निवत नाही, झोप खाते, काम खाते, तेव्हा तो आजार. बरा होण्यासारखा आहे. वेळ लागेल.” मग नणंदेकडे वळून, “आणि तुम्ही ‘काही नाही गं’ म्हणून सारखी समजूत घालू नका. त्यानं तो वाढतो.”

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बाईंकडे बसणं सुरू झालं. दोन महिन्यांनी वहिनीने एक फ्रॉक पुरा केला, एकदाच तपासला, घडी घातली.

“वन्सं, राहिलं नसेल ना काही?”

“मला बोलायची बंदी आहे.”

वहिनीला हसू आलं. हात फ्रॉककडे गेला, अर्ध्यातून मागे आला. मग तिने झाडू उचलला आणि ती मशीनखालच्या चिंध्या गोळा करायला लागली.