ट्रंकेतलं शेवटचं पान

बाळांनो, परवा फोनवर तुमची आई म्हणाली, की सध्या ती तुम्हाला घरीच शिकवते आहे आणि एकाच चित्रांच्या पुस्तकावरून आठवडाभराचे खेळ, बेरजा, चित्रं असं सगळं आखते आहे. वर म्हणते, "मला हे कुठून सुचतं कोण जाणे!" मला माहीत आहे कुठून सुचतं. ती तेव्हा पहिलीत होती, तिला अर्धंमुर्धंच आठवत असणार. म्हणून मीच लिहून पाठवते आहे.

पुस्तकाचं पान उलटायला आधी परवानगी मागायला लावणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो सांगलीत आमचा घरमालक होता. तुमच्या आजोबांची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा आम्ही त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गाव कडेगावकडचं, उसाची जमीन भावाच्या हवाली केलेली, मिशा मात्र स्वतःच्या देखरेखीखाली ठेवलेल्या. अंगणात जिन्यापासून लांब, भिंतीकडेला त्यांच्या कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असत. एखादी जास्वंद शेजारणीपेक्षा वाढली, की त्याच दिवशी तिची जागा बदलली जाई. दूधवाल्याने फाटकातून नुसतं "दूध" म्हणून चालत नसे, "हजर" म्हणावं लागे. जेवायच्या वेळी ते ओसरीवरून "राशन आलं का?" असं विचारत, आणि मालकीणबाई आतून सांगत, "आलंय. लाइनीत उभं ऱ्हावा."

त्या दिवाळीनंतर तुमची आई पेरूच्या झाडावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. शाळेच्या बाई म्हणाल्या, वार्षिक परीक्षेला मुलगी स्वतः येऊन वर्गात बसली तर दुसरीत घालू, नाहीतर पुन्हा पहिली. मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण मागे राहणार, या विचाराने ती पोर भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि स्वभावाने टापटिपीची. मी पुठ्ठ्यावर पट्टीने रेघा मारून वेळापत्रक केलं. सोमवारी भाषा, मंगळवारी गणित, रंगीत पेन्सिलींनी खुणा. सुभेदारांनी तो पुठ्ठा हात लांब करून वाचला. "झ्याक हाय," ते म्हणाले. मग खाटेवर पडलेल्या पुस्तकाच्या कव्हरवरच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "पर बाई, ह्यात ते करडू कुठं हाय?"

ते पुस्तक तिच्या मामाने मुंबईहून पाठवलं होतं. आईपासून चुकलेलं एक करडू डोंगर, ओढा, बाजार पार करत घर शोधत हिंडतं, एवढीच गोष्ट. तिने ते अजून उघडलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरची शाळा सुभेदारांच्या ताब्यात गेली आणि तुमच्या आईचं नाव "जवान" झालं. नियम एकच: एक पान जिंकल्याबिगर दुसऱ्या पानावर पाय ठेवायचा नाही. पान जिंकायचं म्हणजे ते वाचायचं, लिहायचं, त्यातलं मोजण्यासारखं सगळं मोजायचं, आणि चित्रातली वस्तू खरोखरची डोळ्यांनी बघायची. "कागदावरचं शेरडू बघून काय व्हतंय? वास न्हाई, ढुशी न्हाई!" जवानाला खाली नेता येत नव्हतं, म्हणून वस्तूच वर येऊ लागल्या. पहिल्या पानासाठी शेजारच्या गल्लीतलं खरं करडू काखेत मारून ते जिना चढू लागले, तेव्हा मालकीणबाई खालून ओरडल्या, "आवं, त्ये बाईंच्या घरात लेंड्या टाकंल की!"

"मग त्याच मोजू!" वरून उत्तर आलं. आणि खरंच मोजल्या. वीसपर्यंतचे आकडे त्या दिवशी पक्के झाले.

डोंगराच्या पानाला त्यांनी भावाच्या गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपा मागवल्या आणि आमच्या खोलीत त्यांचा डोंगर रचला. डोंगर सुरेख झाला. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या सांगलीच्या मुंग्या चढाईला आल्या. प्लास्टरमध्ये मुंगी शिरली तर काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. सुभेदारांनी खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले, आणि "आता समद्या बाजूनं खंदक झाला. लिव्ह, खंदक!" असं म्हणून अनुस्वार सोडून बाकीचा शब्द शिकवला. अनुस्वार मी माझ्या वेळापत्रकाप्रमाणे शुक्रवारी घेत असे. बाजाराच्या पानाला तर त्यांनी तराजू, हळकुंडं, शेंगा आणि ओरडायला स्वतः मालकीणबाई, असा अख्खा बाजार माडीवर भरवला.

पुढचं पान चोरून बघायची परवानगी कुणालाच नव्हती. एके दिवशी जवानाने शेवटच्या पानाचा कोपरा उचललेला त्यांना दिसला. त्यांनी खिशातून चाकू काढला, ते पान शिवणीपाशी अलगद कापलं, पालथं धरून खाली नेलं आणि आपल्या फौजी ट्रंकेत कुलूपबंद केलं. "प्लास्टर निघालं की पायानं चालत यायचं आन् घेऊन जायचं." पुस्तक कापलेलं बघून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

प्लास्टर निघालं. पण आतून निघालेला पाय उसाच्या कांडीसारखा बारीक, आणि तो जमिनीला टेकवला की तुमची आई किंचाळायची. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, चालवा. मी समजावलं, रागावले, रडलेही. परीक्षा जवळ येत होती. शेवटी मी खाली जाऊन म्हटलं, "सुभेदार, ते पान वर आणून द्या. निदान पोर हसेल तरी."

"न्हाई बाई."

"एवढं कठोर होऊ नका हो."

"पान वर आलं तर पोरगी खाली कशाला यील?" ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यानंतर रोज दुपारी ते ट्रंक उघडी टाकून दारात बसून राहू लागले.

एका दुपारी मी माडीच्या गच्चीत कपडे वाळत घालून आत आले, तर तुमची आई खाटेवर नव्हती. जिन्याच्या तोंडाशी येऊन पाहिलं, तर ती बसत बसत एकेक पायरी उतरून जिन्याच्या तळाशी पोचली होती. मी धावणार तोच सुभेदारांनी हात वर करून मला जागीच थांबवलं. तेव्हा मला अंगण दिसलं. कुंड्यांची रांग मोडलेली होती. जिन्यापासून त्यांच्या दारापर्यंत कुंड्या मांडल्या होत्या, उंच, बुटक्या, कशाही. बुटक्यांच्या खाली विटा सरकवून सगळ्यांचे काठ एका लहान मुलीच्या हाताला लागतील असे केलेले. एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर हात टाकत ती उभी राहिली, आणि चालत आली.

दोघांनी मिळून ट्रंकेतलं पान काढलं. तेव्हा कळलं, की त्यांनी स्वतःही ते पाहिलं नव्हतं. करडू घरी पोचून आईच्या कुशीत झोपलं होतं. सुभेदारांनी पान हात लांब करून पाहिलं. "एवढंच व्हय?"

"मग काय," मालकीणबाई म्हणाल्या, "करडाला सुभेदारी मिळायला पायजे व्हती?"

परीक्षेला ती आपल्या पायांनी गेली. शाळेच्या फाटकापर्यंत थोडं अंतर ठेवून ते मागून गेले. ती दुसरीत गेली, आणि पुढे आमची बदली परत साताऱ्याला झाली. निघताना ते एस.टी.च्या खिडकीपाशी उभे होते. "पोचल्यावर कळवा," इतकंच म्हणाले. आता सुभेदार नाहीत, मालकीणबाई नाहीत, त्या घराच्या जागी दुसरंच काही उभं आहे.

पुस्तक माझ्या कपाटात आहे. शेवटचं पान त्यांनी स्वतः खळ करून परत चिकटवलेलं आहे. ते जरा तिरकं आहे, पण अजून सुटलेलं नाही.