आधी चष्मा, मग सही

आमच्या ट्वायलाने लग्नाला एकतीस डिसेंबर ही तारीख धरली, ती काही हौसेने नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी लग्न लागलं तरी करखातं अख्खं वर्ष नवरा-बायको धरतं, म्हणून! नेब्रास्काच्या त्या थंडीत आम्ही सगळे कुडकुडत उभे, आणि नवरीच्या तोंडी कराच्या सवलती.

माझं केस कापायचं दुकान. तिथेच खिडकीजवळ टेबल टाकून ट्वायला जानेवारी ते एप्रिल गावाचे कराचे फॉर्म भरते. तीस वर्षं झाली. नवं जोडपं आलं की ठसक्यात सांगणार, "दोघांचा मिळून एकच फॉर्म भरा. लग्न केलंत ना? मग लपवाछपवी कसली?" आणि कुणी सहीला पेन उचललं की गरजणार, "आधी चष्मा! न वाचता सही केलीस तर याद राख!" आमचे पाद्रीसुद्धा यातून सुटलेले नाहीत.

आणि हीच बया फेब्रुवारीत मला हळूच म्हणते, "आम्ही दोघं वेगवेगळा भरतोय."

"का गं? नऊशे डॉलर जास्त जातील म्हणालीस ना?"

"जाऊ देत."

खोदून विचारलं तेव्हा कळलं. पासष्ट ओलांडलेल्यांसाठी फॉर्मवर एक चौकोन असतो, त्यात खूण करायची. एकत्र भरलं तर ती खूण नवऱ्यासमोर येणार. आर्डेन बासष्टचा. हिने त्याला सांगितलंय एकसष्ट. हिचे केस मीच रंगवते, मला विचारा! चांगली सदुसष्टची आहे.

"अगं, लग्नाच्या परवान्यावर होतं की वय!"

"तो काही बोलला नाही. वाचलंच नसणार." तिचे डोळे भरले. "पहिल्याच वर्षी फसवलं म्हणेल गं."

मला तिचा राग आला, तरी टॉवेल पुढे केला.

आर्डेन मात्र अडून बसला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, एकदा धरलं की सोडत नाही. "गावाला एकत्र सांगतेस आणि मलाच वेगळं काढतेस होय?" झालं, एकत्र ठरलं.

सहीच्या दिवशी तो आला, टोपी काढली आणि म्हणाला, "चष्मा घरी राहिला बघ. शेवटचं पान दे, सही करून टाकतो."

मी केस वाळवायचं यंत्र बंद केलं. सुटली बाई एकदाची! पेन कागदाला टेकणार, तोच ट्वायला लालबुंद होऊन ओरडली, "थांब!" स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून तिने त्याच्या हातात कोंबला. "घाल. पहिल्या पानापासून वाच."

त्याने वाचलं. सावकाश. त्या चौकोनापाशी बोट थांबलं.

"हे परवान्यावर वाचलं होतं मी," तो म्हणाला.

"काय?"

"वीस वर्षं तुझ्याकडे फॉर्म भरतोय. न वाचता सही करायची माझी हिंमत आहे का?"

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू एकसष्ट म्हणालीस. मला चाललं." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणूनच आज हा विसरलो होतो."

ट्वायलाने जोरात नाक शिंकरलं. आर्डेनने पेन उचललं, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"मागचं पान कोण वाचणार?"