न वाजणारा डबा

आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघर मांडलेल्या मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात. ज्या घरी गाणी, त्या घरचा खाऊ. पण तो सरळ हातावर पडत नाही. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. पोरींचं लक्ष गाण्यांपेक्षा डब्यातच असतं.

गेल्या वर्षी अमरावतीच्या आमच्या गल्लीत आमची पाळी आली, तेव्हा माझी लेक दहा वर्षांची होती. तिचे बाबा आणि मी वेगळे झालो होतो. ते अकोल्याला बहिणीकडे राहायचे. लेकीनं आठ दिवस आधीपासून बजावलं होतं, "आई, कोणालेच ओळखू नाई आला पाह्यजे." मी रताळ्याचा शिरा ठरवला. त्याचा आवाज येत नाही.

गाणी संपली. लेकीनं डबा हलवला. काही वाजेना. "पेढे!" "केळी!" "साखरभात!" पोरी ओरडत होत्या आणि मी दारात उभी राहून ऐटीत मान हलवत होते. शेवटी त्या हरल्या. लेकीनं झाकण काढलं. डबा रिकामा होता.

दुपारी मी तो घासला, उन्हात वाळवला, झाकण लावून ओट्यावर ठेवला होता. झाकण लागलं म्हणजे काम झालं, असं माझ्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. रताळी टोपलीत जशीच्या तशी होती.

"अव माय, खाली डबा!" एक पोरगी हसली. मलाही हसता आलं असतं. मी त्या लेकरांवर खेकसले, न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि हमसून हमसून रडले. बाहेर लेकीनं सगळ्यांना बिस्किटं वाटली. मग दारापाशी येऊन मलाच समजावत बसली, "काई नाई झालं व आई. ये बाहेर." हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दूध उतू जायचं, शाळेची सही राहायची, आणि दर वेळी माझं रडणं चुकीपेक्षा मोठं व्हायचं.

दिवाळीनंतर ती म्हणाली, "मले बाबाजवळ राहाचं हाय, अकोल्याले." मी विचारलं, डब्यामुळे का? "डब्याचं काई नाई. तू रडतं ना, मंग मले भेव लागते."

ती गेल्यावर मी डॉक्टरकडे गेले. चाळिशीच्या तोंडावर कळलं की या विसरण्याला आणि न आवरणाऱ्या रडण्याला एडीएचडी म्हणतात. आयुष्यभर मला वेंधळी म्हणणाऱ्या सगळ्यांचा मला भयंकर राग आला. आधी स्वतःचा आला, ते वेगळंच. गोळ्यांनी विसरणं थोडं कमी झालं. रडणं आवरायला मात्र सराव लागला. चूक झाली की ग्लासभर पाणी घ्यायचं, घोट घोट प्यायचं, आणि ते संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात मी दोन ग्लास फोडले. पण लेक परत यायला हवी होती, म्हणून नेटानं करत राहिले.

यंदा तिचा फोन आला, "आत्याकडं भुलाबाई हाय. खाऊ तू आणतं का?" मी रताळ्याचा शिराच केला. बसमध्ये बडनेऱ्याला झाकण उघडून पाहिलं, मूर्तिजापूरला पुन्हा पाहिलं.

अकोल्यात लेकीनं माझ्या हातून डबा घेतला, पाठ फिरवली आणि झाकण जरासं उचलून आत पाहिलं. मग तो नेऊन भुलाबाईपुढे ठेवला. मी तिच्या आत्याकडे पाणी मागितलं आणि सावकाश प्यायले. खाऊ कोणालाच ओळखता आला नाही. लेक टाळ्या पिटत माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती.

निघताना ती फाटकापर्यंत आली. आता घरी येते म्हणेल, असं मला वाटलं. तिनं माझा चेहरा नीट न्याहाळला.

"आई, तू आता रडत नाई."

"नाही रडत."

"मंग तू एकटी राहू शकतं ना आता?" तिनं विचारलं. केवढी निश्चिंत दिसत होती पोर. "म्हणजे मी इथंच राहिली तरी चालते."

हातात पाण्याचा ग्लास नव्हता. मी हो म्हटलं, आणि आवाज जरासुद्धा हलू दिला नाही.