बोंबलांच्या वलांडीवरची तार

हिरामावशी सकाळी उठली की देवाआधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीकडे बघायची. हिरवा दिवा असला तर "हाय, जागा हाय मेला" म्हणून चुलीकडे वळायची. लाल लुकलुकताना दिसला की कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी शेजारीच राहते, मला गजर लावावा लागत नसे.

रेवसच्या अलीकडे आमचा कोळीवाडा टेकडीच्या आड आहे, मोबाईलला रेंज नाही. मावशीचा एकुलता एक रमेश जहाजावर नोकरीला. बंदर लागलं की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तो त्या डबीत येणाऱ्या तारेतूनच. मावशी केसांत अबोली माळून फोनसमोर बसायची. मी हसले की म्हणायची, "म्हातारी झाले ते त्याला कशाला दाखवू?"

तार टाकायला आलेल्या शहाण्यांनी खांबांचा खर्च वाचवला. किनाऱ्यावर आमच्या वलांड्या आहेत. बांबूंना दोर बांधून त्यांवर बोंबील वाळवतात. त्याच बांबूंना त्यांनी आपली काळी तार करकचून आवळली आणि निघून गेले. बोंबलांचा हंगाम आला. बायकांनी नेहमीप्रमाणे जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगल्या, आणि दोर भरले तेव्हा तारेवरही टांगल्या. आयता दोर कोण सोडतं? मावशी सगळ्यांच्या पुढे. जुनी टेलिफोनची तांब्याची तार असती तर फार तर आवाज खरखरला असता. पण हिच्या पोटात केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश धावतो. ओल्या बोंबलांच्या वजनाने तार गाठीपाशी मुडपली, काच तुटली आणि घरोघरी लाल दिवे लागले.

कंपनीचा साहेब आला आणि बायकांवरच डाफरला. म्हणे, वलांड्या हलवा, मगच तार जोडू.

मावशीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "वलांडी माझ्या सासूच्या सासूची हाय. तुमी आमच्या बांबूवर लटाकलाय, आमी तुमच्या न्हाय. पोटात काच हाय म्हनून सांगितलं व्हतं का कोनी? आपलं खांब लावा."

"मावशी, मुलाशी बोलायचं नाही वाटतं?" साहेब हसला. "बायकांना तेवढं समजवा, तुमच्या घराला वेगळी तार ओढून देतो."

त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. मावशीने पाटी उचलून पुन्हा डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "माझं पोर बघाया शेजारनीची चूल इझवू व्हय?"

त्या हंगामात लाल दिवा तसाच राहिला. मी धक्क्यावर रेंजमध्ये गेले की रमेशचे निरोप एकदम यायचे, ते घरी येऊन मावशीला ऐकवायचे. मधे एकजण छपरावर डबा बसवून टॉवरवरून बिनतारी इंटरनेट देतो म्हणाला. मावशीने त्याला टेकडी दाखवली. "आधी ही हलव."

आम्ही अर्जांवर अर्ज केले, कंपनीच्या दारात बसलो. खांब आले, पण मावशी अंथरुणाला खिळल्यावर. तार जोडली त्या दिवशी ती कुणालाच ओळखत नव्हती. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. रमेश "आई, मी रमेश, आई" करत राहिला. चित्र लख्ख होतं, एकदाही अडकलं नाही. मावशीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती भिंतीवरच्या डबीकडे बघत पुटपुटली, "हाय, जागा हाय मेला."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

नवे खांब वलांड्यांपासून हातभर लांब उभे आहेत. ते पहिल्या दिवशीही तिथेच लावता आले असते.