मोरिता-सानना सगळं आठवत होतं

हे माझ्या बायकोला, मुग्धाला ठाऊक नाही. पुण्यातल्या भावाला नाही, ऑफिसात कुणाला नाही. इराला, म्हणजे माझ्या मुलीला, तर नाहीच. तिला कळलं तर काय होईल हा विचार मी दरवेळी अर्ध्यावर सोडून देतो. पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा ऐन वेळी हवापाण्याचंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. अंगात धैर्य वगैरे आलेलं नाही — तसा गैरसमज नको.

आणि लगेच मुद्द्यावर येईन असंही नाही. आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगताना माझा आवाज बरा लागतो.

आम्ही तोक्योतल्या फुनाबोरीत राहतो. मी मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या तोक्यो ऑफिसात आहे. तीन वर्षांसाठी आलो आणि आता नववं चालू आहे. चाळिशी आली की माणसं काही ना काही खूळ घेतात. मी एक जुनी पांढरी पॅनल व्हॅन घेतली — मागे खिडक्या नाहीत, सीटा नाहीत, नुसता पत्र्याचा डबा. आधी ती एका फुलवाल्याची होती. त्या डब्याचं मला चालतंफिरतं घर करायचं होतं: बेड, कपाट, सिंक, सगळं. मुग्धा म्हणाली, "घरातल्या कपाटाचं दार वर्षभर लटकतंय, ते आधी बघ." तिचं चुकलं नव्हतं. मला खिळाही सरळ ठोकता येत नाही.

ठोकायला शिकवलं मोरिता-साननी. आमच्या इमारतीच्या सायकलस्टँडवर ते अर्धवेळ काम करायचे. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आयुष्यभर रेल्वेत नोकरी. इचिकावात त्यांनी भाड्यानं एक छोटं आवार घेतलेलं होतं. तिथं त्यांची हत्यारं आणि एक फायबरची छोटी बोट. दोन माणसांनी उचलता येईल एवढी, मागे दोन हॉर्सपॉवरची मोटर. एवढ्या बोटीला इथं लायसन्स लागत नाही. मी स्टँडवर मोबाइलमध्ये व्हॅनचे फोटो दाखवले, आणि पुढच्या रविवारी ते मला आवारात घेऊन गेले. मग आठ महिने दर रविवारी. माझं जपानी बाजाररहाटीपुरतं, त्यांचं इंग्रजी त्याहून कमी. अडलं की इरा. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि आम्हा दोघांची भाषांतरं करता करता वैतागायची. माझ्याशीसुद्धा जपानीतच बोलायची. "बाबा, तू हे स्वतः शिक ना," एवढं मात्र मराठीत.

एक गोष्ट त्यांनी मला इराशिवाय, स्वतःच्या मोडक्या शब्दांत सांगितली होती. त्यांच्या बायकोची शेवटची सहा वर्षं विस्मरणात गेली. शेवटी ती त्यांना स्टेशनमास्तर समजायची आणि गाडी कधी येणार विचारायची. ते रोज उत्तर द्यायचे. "मरणाची भीती नाही," ते म्हणाले आणि डोक्याला बोट लावलं, "याची आहे."

हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा — मला माहीत होतं.

रेल्वेची एक सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. निघण्याआधी प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचं, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि म्हणायचं, "योशी!" म्हणजे ठीक आहे. इथले मोटरमन रिकाम्या फलाटावरही तसं करतात. दोन माणसं असतील तर एक नाव घेतो, दुसरा पाहून योशी म्हणतो. मला याचं हसू यायचं. शहाण्या माणसानं बोटीकडे बोट दाखवून ओरडायचं कशाला? मी ऑफिसात त्यांची नक्कलही करायचो. लोक हसायचे.

आता बूच.

बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं, आत साठलेलं पाणी काढून टाकायला. त्याला रबरी बूच. गाडीची नोंद कॅम्पर म्हणून करून घ्यायची तर तपासणीत सिंक दाखवावं लागतं — पाणी येणारं, पाणी जाणारं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी आवारात एकटाच ते सिंक बसवत होतो. गळतं का बघायला ते भरून ठेवायचं होतं, आणि सिंकचं बूच दुकानातून यायचं होतं. बोटीचं काढून लावलं. चपखल बसलं. सिंक गळलं नाही. मला कोण आनंद! पाणी सोडून दिलं — आणि बूच पुन्हा सिंकलाच लावून ठेवलं. का? घरची सवय. आमच्याकडे मोरीचं तोंड उघडं ठेवत नाहीत, झुरळं वर येतात म्हणून. जपानमधल्या नव्याकोऱ्या सिंकमध्ये, ज्याला धड पाइपही नव्हता, मी झुरळांचा बंदोबस्त केला. वर लाकडी झाकण टाकलं, खुशीत घरी आलो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या टपावर बोट बांधून आम्ही इबाराकीतल्या एका मोठ्या तळ्यावर गेलो. मोरिता-सान आणि मी पुढे, मुग्धा आणि इरा मागे नव्यानं बसवलेल्या सीटवर. थंडी होती, ऊन स्वच्छ. मुग्धाला पोहता येत नाही, पण मोरिता-सान असल्यावर ती निर्धास्त होती. "तू एकटा असतास तर बसले नसते," म्हणाली. त्यांनी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. इरा गाडीत कानात गाणी घालून बसली होती.

उतारावर बोट अर्धी पाण्यात. मोरिता-सान पुढच्या बाजूला दोर धरून, मी मागच्या बाजूला. त्यांनी यादी सुरू केली. दोर — योशी. वल्ही — योशी. इंधन — योशी. मग माझ्या दिशेनं बोट करून त्यांनी विचारलं, बूच?

माझ्या हातात मोबाइल होता. भावाला पाठवायला व्हिडिओ काढत होतो. भोक माझ्या गुडघ्यापासून दीड हातावर होतं. मी खाली पाहिलं नाही. व्हिडिओत मजा यावी म्हणून त्यांच्याच आवाजात, नाटकी ओरडलो, "योशी!" मुग्धाला तेव्हा जपानी कळत नव्हतं; ती नुसत्या माझ्या नकलेला हसली. तेही हसले. मग ते आणि मुग्धा बोटीत बसून निघाले; बोट दोघांपुरतीच, मी काठावर राहिलो.

दहा मिनिटांत बोटीची मागची बाजू खाली गेलेली दिसली. आधी मला वाटलं, लाट आहे. मग मुग्धाची किंकाळी आली. माझं नाव नव्हतं त्यात, काहीच शब्द नव्हता. मी काठावर उभा होतो आणि मलाही पोहता येत नाही — हे सांगितलं होतं का मी? नसेल. मी नुसता ओरडत होतो, मराठीत, त्या तळ्यावर. बोट उभी झाली आणि बुडाली. दोन केशरी ठिपके पाण्यावर राहिले. एका ठिपक्यानं दुसऱ्याची कॉलर धरून ठेवली होती. मासे पकडायला आलेल्या दोघांनी मोटरबोट वळवली आणि त्यांना ओढून घेतलं. मुग्धा कुडकुडत होती पण धड होती. मोरिता-सानचे ओठ निळे पडले होते. अँब्युलन्समध्ये चढवतानाही ते मुग्धाकडे बघून मान लववत होते.

मुग्धासाठी कोरडे कपडे काढायला मी गाडीत शिरलो. सिंकवर बॅग होती. बॅग उचलली, झाकण सरकलं.

ते बूच तिथं पाहिलं तेव्हा पाचावर धारण बसली. तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही सांगितलं? मीही विचारतो. तेव्हा उत्तर एवढंच होतं — आत्ता नको. मुग्धा बरी होऊ दे. मी बूच काढून खिशात घातलं. आणि हॉस्पिटलच्या वाटेवर, गाडी तळ्यावरच ठेवून घेतलेल्या टॅक्सीत, मुग्धा माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली असताना, दुसऱ्या हातानं तो व्हिडिओ डिलीट केला. आत्ता नको म्हणणाऱ्या माणसाचा हात इतका चपळ चालतो?

मोरिता-सानची मुलगी काओरी-सान सैतामाहून धावत आली. वडिलांशी बोलून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉरिडॉरमध्ये ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं हळू, नीट विचारलं. मला बरंचसं कळलं, पण मी इराकडे पाहिलं. मला वेळ हवा होता.

इरा म्हणाली, "त्या विचारतायत, आजोबा म्हणतात की बूच त्यांनी शुक्रवारी स्वतः लावलं होतं. आणि निघताना त्यांनी विचारलं होतं, आणि तू योशी म्हणालास. पण ते म्हणतात, कदाचित तसं वाटतंय. त्या विचारतायत, खरंच विचारलं होतं का?"

त्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी लख्ख आठवत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

मी म्हणालो, "नाही. विचारलं नव्हतं त्यांनी."

"नक्की, बाबा?"

"नक्की."

आणि इरानं ते जपानीत सांगितलं. शाळेत शिकवलेल्या अदबीच्या भाषेत, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेतानं शब्द निवडून. माझं खोटं माझ्यापेक्षा माझ्या मुलीनं नीट बोलून दिलं. काओरी-साननं डोळे मिटले. तिला आईची सहा वर्षं आठवली असणार. मग ती कमरेत वाकली — माझ्यापुढे — आणि कितीतरी वेळ वर आली नाही.

पुढच्या शनिवारी बापलेक आमच्या घरी आले. इथं असा रिवाज आहे: आपल्यामुळे कुणाला त्रास झाला तर मिठाईचा खोका घेऊन त्यांच्या दारी जायचं आणि माफी मागायची. मोरिता-साननी गडद सूट घातला होता. आमच्या बैठकीतल्या सतरंजीवर गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावलं. मुग्धा उठून धावली, "अहो, नका, नका असं!" तिला रडू फुटलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "वय झालंय रे बिचाऱ्यांचं. आपणच त्यांच्यावर इतकं टाकायला नको होतं." मी हो म्हणालो. खोक्यात शेंगदाण्याच्या वड्या होत्या, एकेक वेगळ्या कागदात. त्या आम्ही खाल्ल्या. मीही खाल्ल्या — चार.

बुचाचं काय केलं? वॉर्डाच्या कचऱ्याच्या पुस्तिकेत रबर कुठल्या दिवशी टाकायचं ते पाहिलं आणि त्या दिवशी, त्याच पिशवीत टाकलं. नियमाला अगदी धरून.

मोरिता-साननी महिन्याभरात गाडीचं लायसन्स आपण होऊन पोलिसांकडे परत केलं. सायकलस्टँड सोडला. आवार सोडलं. हत्यारं मला दिली — रंधे, करवती, सगळी धार लावून, तेलानं पुसून. डॉक्टरांकडे तपासणी झाली. काही निघालं नाही. काओरी-साननं इराला फोनवर सांगितलं, की बाबांचा तपासणीवर विश्वास नाही. आई आजारी पडली तेव्हाही सुरुवातीला काही निघालं नव्हतं, म्हणतात.

हे ऐकल्यावर तरी? मी स्वतःला पुष्कळ पळवाटा काढून दिल्या. चौऱ्याहत्तरीत लायसन्स सोडलेलंच बरं. मुलीजवळ राहायला गेले, चांगलं झालं. कधी ना कधी विसरायला लागणारच की! या शेवटच्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण काही दिवस मी तशी खरोखर वाट पाहत होतो. ते खरंच विसरू लागले तर माझं खोटं खरं होईल आणि मी सुटेन, असं मनात येत होतं. एका माणसाचं डोकं जावं म्हणून मी जवळजवळ नवस बोलायचा बाकी होतो.

मी बायकोला भ्यायलो का? तिनं सोडून दिलं असतं असं नाही. चिडली असती, आठवडाभर बोलली नसती, मग बोलली असती. पोलिसांना? कुणी विचारलंही नव्हतं. मला फक्त कॉरिडॉरमधलं ते मिनिटभर वाईट दिसायचं नव्हतं. त्या एका मिनिटासाठी मी हे केलं. दुसरं कारण मी पाच वर्षं शोधलं, नाही सापडलं.

गाडी तपासणीत पास झाली. आम्ही तिच्यातून पुष्कळ फिरलो, होक्काइदोपर्यंत. फोटोत सगळे हसतायत.

गेल्या महिन्यात इरा सैतामाला जाऊन मोरिता-सानना भेटून आली. सोळा वर्षांची आहे आता. स्वतःच ट्रेन पकडून जाते, वर्षातून दोनदा. जेवताना सांगत होती. आजोबांना तिच्या चौथीतल्या बाईंचं नाव आठवतं, तिनं कुठल्या रविवारी आवारात करवतीनं हाताचं बोट कापून घेतलं होतं तेही आठवतं. पण बाहेर निघताना कुलूप लावतात, ओढून बघतात, मग शेजारच्या बाईंना हाक मारून विचारतात, "लावलंय का मी?" त्यांनी हो म्हटल्याशिवाय पायऱ्या उतरत नाहीत. "असं का करतात ते, बाबा? सगळं तर आठवतं त्यांना."

मी तिला आमटी वाढली.

ते सैतामात आहेत, आमच्यापासून दीड तासावर. फोन नंबर माझ्याकडे आहे. त्यांचं डोकं तेव्हाही शाबूत होतं आणि आजही आहे, हे खात्रीनं सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे. मी अजून सांगितलेलं नाही.