शिवणक्लासची पिशवी

सत्तरच्या दशकात नाशिक रोडला मुलगी अर्धी चड्डी घालून फुटबॉल खेळते म्हटल्यावर अख्खी कॉलनी खिडकीत आली असती. भावाला कुठे जातोस म्हणून कोणी विचारत नसे. मी मात्र शिवणक्लासला जाते असं घरी सांगायचे. पिशवीत वर कापडाचे तुकडे, खाली भावाचे जुने बूट. पुढे चिंध्या कोंबल्या की ते मला बसायचे.

दोन वर्षं हे खपलं. मग माझी जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि फॉर्मवर वडिलांची सही लागणार होती. तीन दिवस तो फॉर्म पिशवीतच राहिला.

चौथ्या दिवशी कामावरून आल्यावर वडिलांनी माझ्यापुढे आमच्या संघाचा उसवलेला बॉल ठेवला.

"तुमचे फुटबॉलचे सर भेटले, त्यांनी दिलाय. शिवणक्लासला जातेस ना? शिव."

मी दोरा ओवला. दाभण दोनदा बोटात घुसला. माझे वेडेवाकडे टाके पाहून वडिलांनी बॉल काढून घेतला आणि स्वतःच शिवायला बसले.

"शिवणात नापास," मान वर न करता ते म्हणाले. "फॉर्म आण. आणि बूट तुझ्या मापाचे घेऊ."

मी पिशवी त्यांच्यासमोरच पालथी केली. बूट, चिंध्या, फॉर्म, सगळं एकदाचं जमिनीवर पडलं.